रस्त्याच्या नावाचा पैसा रस्त्यावर दिसला पाहिजे

पेट्रोल पंपावर नोट पुढे करणाऱ्या माणसाला वाटते की आपण फक्त तेल विकत घेतले. परंतु व्यापाऱ्याने प्रत्येक बिल उलगडून पाहण्याची सवय ठेवावी. त्या एका लिटरच्या किमतीत तेलाची मूळ किंमत असते, केंद्राचे उत्पादन शुल्क असते, राज्याचा व्हॅट असतो, पंपवाल्याचे कमिशन असते, आणि त्याशिवाय एक रक्कम अशी असते की तिच्यावर सरकारने स्वतःच रस्त्याचे नाव लिहिलेले आहे. हा रस्ते उपकर. आपण तो रोज भरतो. गिऱ्हाईकही भरतो, हमालाला घेऊन येणारा ऑटोवालाही भरतो आणि एस.टी. महामंडळही भरते. ज्या नावाने ही रक्कम घेतली जाते त्या नावाला ती जागते काय, एवढाच प्रश्न या लेखात मांडायचा आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट साफ करतो. इंधनावर कर लावून रस्ते बांधणे हा जुलूम आहे असे माझे म्हणणे नाही. उलट, रस्त्यासाठी पैसा उभा करण्याच्या जेवढ्या तऱ्हा आहेत त्यांत ही सर्वांत इन्साफाची आहे असे मी मानतो. जो जास्त चालतो तो जास्त तेल जाळतो आणि जास्त भरतो. जड गाडीला तेल जास्त लागते, म्हणून तिचा वाटाही आपोआप मोठा होतो. नाका नको, पावती नको, रांग नको. वसुलीचा खर्चही किरकोळ, कारण कर तेल कंपन्यांकडूनच गोळा होतो. टोलनाक्यावर मात्र माणसे, यंत्रे, ठेकेदाराचा नफा आणि ताटकळणाऱ्या गाड्यांचे तेल, असा सगळा खर्च प्रवाशाच्याच माथी येतो. तऱ्हा चांगली आहे. बिघाड हिशोबात आहे.

जयकरांचा दोन आण्यांचा वायदा

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही, आणि तिच्या मुळाशी एक मराठी माणूस आहे. १९२७ साली हिंदुस्थान सरकारने रस्त्यांच्या विकासासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. तेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. मोटारी वाढत होत्या, रस्ते बैलगाडीच्या काळचे होते आणि प्रांतांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या. १९२८ साली समितीने अहवाल दिला की पेट्रोलवरचा कर गॅलनमागे दोन आण्यांनी वाढवावा आणि ते दोन आणे वेगळे काढून फक्त रस्त्यांवर खर्च करावेत. त्याप्रमाणे मार्च १९२९ मध्ये कर चार आण्यांवरून सहा आणे झाला आणि केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला.

यात जयकर समितीची हुशारी कर वाढवण्यात नव्हती. कर तर कोणतेही सरकार वाढवते. तिची हुशारी रक्कम वेगळी काढून ठेवण्यात होती. त्याच सुमारास विलायतेत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तेथे मोटारवाल्यांच्या करातून रस्ते निधी चालत असे. १९२६ साली अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी त्या निधीतला पैसा इतर सरकारी खर्चाकडे वळवला, आणि पुढे १९३७ साली त्या निधीचे स्वतंत्र उत्पन्नच बंद झाले. निधीचे कुलूप सरकारच्याच हातात असेल तर ते केव्हा उघडेल याचा भरवसा नसतो, हा त्यातला धडा आहे.

आपल्या निधीतही एक उणीव होती. प्रांतांना वाटा मिळायचा तो त्यांच्याकडे पेट्रोल किती खपते त्यावर. जेथे मोटारी जास्त तेथे पैसा जास्त, आणि जेथे रस्ताच नाही म्हणून मोटार नाही तेथे पैसाही नाही. वऱ्हाडच्या माणसाला हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही.

२००० सालचा कायदा आणि त्यातला अर्धा वाटा

१९९८ साली पेट्रोलवर आणि १९९९ साली डिझेलवर लिटरमागे १ रुपया रस्त्यांसाठी म्हणून लागू झाला. त्याची वाटणी २००० सालच्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने पक्की केली. डिझेलवरच्या उपकरातला अर्धा भाग ग्रामीण रस्त्यांसाठी. बाकी राहिलेले अर्धे डिझेल आणि सगळे पेट्रोल मिळून जी रक्कम होईल तिच्यातले साडेसत्तावन्न टक्के राष्ट्रीय महामार्गांना, साडेबारा टक्के रेल्वे फाटकांवरील पुलांसारख्या कामांना आणि तीस टक्के राज्यांच्या रस्त्यांना. त्याच वर्षी २५ डिसेंबरला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि या अर्ध्या वाट्याने तिला बळ दिले.

मी याला चांगला कायदा म्हणतो. का, ते ऐका. डिझेल जाळणारी मोठी गाडी हमरस्त्याने जाते, पण तिच्यातला माल शेवटी गावातून निघतो किंवा गावात पोचतो. वाशीम जिल्ह्याचा सोयाबीन शेतातून निघून बाजार समितीत येतो, मग हमरस्त्याला लागतो. सुरतेचा कपडा धुळे, जळगाव, अकोला असा येतो, मग मालेगाव, मग किन्हीराजा, आणि तेथून आणखी आतल्या गावांत. हमरस्ता झाड असेल तर गावरस्ते त्याची मुळे आहेत. डिझेलचा अर्धा पैसा मुळांना घालावा हे कायद्यातच लिहून ठेवले होते. मंत्री बदलला, सरकार बदलले, तरी आकडा बदलत नव्हता.

२०१८ च्या वित्त कायद्याने हे चित्र बदलले. निधीचे नाव केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी झाले. रस्त्यांच्या जोडीला इतर अनेक पायाभूत कामे त्याच निधीतून करता येतील अशी सोय झाली, आणि कोणाला किती द्यायचे हे कायद्यातल्या ठरलेल्या टक्क्यांऐवजी सरकारच्या दरसालच्या निर्णयावर गेले. राष्ट्रीय महामार्गांवरचा खर्च या काळात वाढला हे कबूल केले पाहिजे. अकोला–अमरावती रस्त्याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. वर्षानुवर्षे रखडलेल्या त्या मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची जागतिक विक्रमात नोंद झाली. म्हणजे मनात आणले तर काम होते. पण विक्रम हमरस्त्यावर होतात, खड्डे गावरस्त्यावर राहतात.

वाढ एका खात्यात, कपात दुसऱ्या खात्यात

आता आकड्यांकडे या. मे २०२० मध्ये या उपकराची रक्कम पेट्रोल आणि डिझेल दोन्हींवर लिटरमागे १८ रुपयांपर्यंत गेली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपये कमी केले, मे २०२२ मध्ये आणखी ८ आणि ६ रुपये. या दोन्ही कपाती रस्ते उपकरातूनच केल्या गेल्या. कपातीनंतर उपकर उरला पेट्रोलवर ५ रुपये आणि डिझेलवर २ रुपये. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये दोन्हींवर २ रुपयांची वाढ झाली, ती मात्र विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्कात. रस्त्याच्या खात्यात त्यातले काही आले नाही. दुकानदाराच्या भाषेत सांगायचे तर गिऱ्हाईकाला सूट दिली ती एका भावाच्या हिश्श्यातून, आणि पुढे भाव वाढवला तो दुसऱ्याच्या गल्ल्यात.

यात दुसरीही एक गोम आहे. उपकर किंवा अधिभार म्हणून घेतलेला पैसा केंद्राला राज्यांशी वाटून घ्यावा लागत नाही. राज्यांना वाटा मिळतो तो मूळ उत्पादन शुल्कातून, आणि मे २०२२ नंतर पेट्रोलवर ते मूळ शुल्क लिटरमागे अवघे १ रुपया ४० पैसे होते. म्हणजे नाव रस्त्याचे दिल्यामुळे राज्याचा हक्क गेला, आणि रस्त्याची अट सैल केल्यामुळे गावरस्त्याचा हक्कही गेला.

आता राज्य सरकारकडे पाहू. जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, तर डिझेलवर २१ टक्के, असा सगळीकडे सारखा दर झाला. या रकमेतला अमुक पैसा रस्त्याला असे बंधन नाही. टक्केवारीचा कर असल्यामुळे तेल महागले की तिजोरीत जास्त पैसा येतो, रस्ता मात्र तेवढाच झिजतो. नावाचे काय होते त्याचेही उदाहरण आहे. २०१५ साली दुष्काळासाठी म्हणून राज्याने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपयांचा बोजा टाकला. पाऊस पुढच्या वर्षी आला, बोजा मात्र लगेच उतरला नाही.

आपल्या धंद्याचा आणखी एक मुद्दा. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा पेट्रोल-डिझेल त्याच्या बाहेर ठेवले गेले. कापडावर आपण ५ टक्के भरतो आणि खरेदीवर भरलेला कर वळता करून घेतो. डिझेलवर भरलेला कर मात्र वळता होत नाही. तो बिल्टीच्या भाड्यात, भाड्यातून गाठीत आणि गाठीतून ताग्यात मुरतो. शेवटी लेकीच्या लग्नासाठी कपडा घेणाऱ्या शेतमजुराच्या खिशातून तो निघतो. म्हणून व्यापाऱ्याने हा हिशोब मागणे म्हणजे गिऱ्हाईकाच्या वतीनेही मागणे आहे.

मोटारसायकलवाला आणि मालट्रक

पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर २ या फरकाचा अर्थ नीट समजून घ्या. समजा, मोटारसायकल लिटरला ५० किलोमीटर जाते. तिचा मालक किलोमीटरमागे १० पैसे रस्ते उपकर भरतो. समजा, मालट्रक लिटरला ४ किलोमीटर जातो. तो किलोमीटरमागे ५० पैसे भरतो. म्हणजे पाचपट. जेव्हा दोन्हींवर १ रुपया होता तेव्हा याच हिशोबाने मोटारसायकल २ पैसे आणि ट्रक २५ पैसे भरत होता. म्हणजे साडेबारा पट.

आता रस्ता कोण मोडतो ते पाहा. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर वेगवेगळ्या वजनाच्या गाड्या चालवल्या गेल्या. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सोळापट होते. आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये मालवाहू गाड्यांच्या भाराची मर्यादा वाढवली गेली. चार टायरच्या आसाला १०.२ टनांऐवजी ११.५ टन. भार वाढला सुमारे १३ टक्के, पण त्या नियमाने झीज वाढते ६० टक्क्यांच्या घरात. हे झाले कायदेशीर वजनाचे. ओव्हरलोडची गोष्टच वेगळी. जास्त वजन भरले की मालामागे भाडे कमी पडते हे आपण व्यापारी जाणतो. पण वाचलेले ते भाडे रस्ता फेडतो, आणि रस्त्याचे बिल पुन्हा आपल्याकडेच येते.

या हिशोबात मोटारसायकलवाल्याने रस्ता जवळजवळ झिजवलाच नाही, आणि तरी लिटरमागे जास्त उपकर तोच भरतो. बरे, त्याला मिळते काय? आपल्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. ७०१ किलोमीटरचा, ५५ हजार कोटींच्या आसपास खर्चाचा. नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. रस्ता उत्तम आहे, वेळ वाचतो, यात वाद नाही. पण त्यावर टोल वेगळा आहे, आणि दुचाकी-तीनचाकीला तेथे जायची मुभाच नाही. आमच्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांना त्या रस्त्याचा पूल खालूनच दिसतो.

खरी गोम दुरुस्तीत आहे

किन्हीराजा हे जुन्या नागपूर–औरंगाबाद रस्त्यावरचे गाव. हमरस्ता असल्यामुळे माल येथपर्यंत येतो. अडचण येथून पुढे सुरू होते. मोठी गाडी आत जायला तयार नसते, म्हणून माल उतरवून छोट्या टेम्पोत भरावा लागतो. पावसाळ्यात टेम्पोवालाही दुप्पट भाडे मागतो, आणि त्याचे चूक नाही, कारण पाट्याचे पान मोडले तर त्याची आठवड्याची कमाई जाते. ठोक बाजारातून हमरस्त्यापर्यंत एका गाठीला जे भाडे लागते, जवळपास तेवढे कित्येकदा शेवटच्या दहा-बारा किलोमीटरला लागते. लगीनसराईत ताडपत्री असूनही खाचखळग्याच्या पाण्याने खालचे तागे भिजतात, आणि भिजलेला तागा म्हणजे अर्ध्या किमतीचा माल.

आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर रस्ता टिकायचा तर खाली मुरमाचा थर भक्कम हवा, बाजूची नाली उपसलेली हवी, साइडपट्टी भरलेली हवी आणि मोरी मोकळी हवी. डांबराचा मोठा दुश्मन साचलेले पाणी आहे. लहान खड्डा दिवाळीत बुजवला तर थोडक्यात भागते, पुढच्या आषाढापर्यंत ठेवला तर सगळा थर उखडतो. फाटलेली शिवण वेळीच घातली नाही तर अंगरखाच जातो, हे कापडवाल्याला कोणी शिकवायला नको.

ग्रामसडक योजनेत ठेकेदाराने पाच वर्षे देखभाल करायची असते. सहाव्या वर्षापासून तो रस्ता बहुतेक वेळा जिल्हा परिषदेच्या पदरात पडतो. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम खात्याकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, अशी विभागणी आहे. जिल्हा परिषद राज्याकडून ३०५४ या लेखाशीर्षाखाली दुरुस्तीचा पैसा येण्याची वाट पाहते. ते अनुदान किती आणि केव्हा याचा संबंध पंपावर विकल्या गेलेल्या लिटरशी नाही. नवीन रस्त्याला उद्घाटन असते, नारळ असतो, फोटो असतो. नाली उपसण्याला काहीच नसते. म्हणूनच दुरुस्तीचा पैसा कोणाच्या मर्जीवर न ठेवता कायद्याने बांधून ठेवावा लागतो.

एक अंदाज करून पाहा. एखाद्या गावात दोनशे मोटारसायकली आहेत आणि प्रत्येकीला महिन्याला दहा लिटर पेट्रोल लागते असे धरा. महिन्याचे २,००० लिटर. ५ रुपयांनी १०,००० रुपये, वर्षाचे १ लाख २० हजार. हा फक्त दुचाक्यांचा आणि फक्त रस्ते उपकराचा हिशोब. नाल्या उपसायला आणि खड्डे वेळीच बुजवायला एवढा पैसा दरसाल गावाला परत मिळाला तर रस्त्याचे आयुष्य वाढेल.

यावर कोणी म्हणेल की सरकारला शाळा, दवाखाने, धान्य यांचाही खर्च आहे, सगळाच पैसा रस्त्याला कसा द्यावा? बरोबर आहे. त्यासाठी कर घ्यावा, कर म्हणून घ्यावा आणि राज्यांना त्यांचा वाटा द्यावा. रस्त्याचे नाव घातलेली रक्कम ही अमानत आहे. दुसरा कोणी म्हणेल की ट्रॅक्टर शेतात चालतो, त्याच्या डिझेलवर रस्त्याचा कर का? या प्रश्नाला उत्तर एकच, की तो पैसा निदान त्याच्या शेतापासून बाजारापर्यंतच्या रस्त्यावर लागावा. २००० च्या कायद्यातला अर्धा वाटा नेमके तेच करत होता.

काय मागायचे?

नवीन कर नको. आहे त्यातूनच मागणे आहे. केंद्राने डिझेल उपकरातला अर्धा वाटा ग्रामीण रस्त्यांना पुन्हा कायद्याने बांधून द्यावा, आणि त्यात दुरुस्ती स्पष्ट शब्दांत लिहावी. पेट्रोल आणि डिझेलवरच्या उपकरातला उलटा फरक मिटवावा. राज्याने आपल्या व्हॅटमधून लिटरमागे १ रुपया जिल्हा परिषदांच्या रस्ता दुरुस्तीसाठी वेगळा काढावा, आणि त्याची वाटणी तेलाच्या खपावर न करता रस्त्यांची लांबी आणि जमिनीची जात पाहून करावी. नाही तर पुणे-मुंबईला पुन्हा मोठा वाटा आणि वाशीमला पुन्हा चिमूट. वजनकाटे बसवावेत आणि ओव्हरलोडचा दंड त्याच रस्त्याच्या दुरुस्तीला लावावा. शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे, दर तिमाहीला पंचायत समितीच्या फलकावर तीन ओळी लिहाव्यात. या तालुक्यासाठी किती आले, कोणत्या रस्त्यावर किती गेले, किती शिल्लक आहे.

हे लवकर व्हायला हवे, कारण हा झराही कायमचा नाही. विजेच्या रिक्षा, विजेच्या दुचाक्या, विजेच्या एस.टी. येत आहेत. त्या रस्ता वापरतील, पण तेलाचा कर भरणार नाहीत. अमेरिकेत केंद्राचा पेट्रोल कर १९९३ पासून गॅलनमागे १८.४ सेंटवर थांबलेला आहे आणि २००८ पासून तेथील महामार्ग निधीला सरकारी तिजोरीतून भर घालावी लागली आहे. ज्या ओरेगन राज्याने १९१९ साली तेथे पहिला पेट्रोल कर लावला, त्यानेच २०१५ पासून मैलांवर आकारणीचा प्रयोग सुरू केला. आपल्याकडेही उद्या वजन आणि अंतर पाहून काही आकारावे लागेल. पण आजच्या पैशाचा हिशोब ज्याने दिला नाही, त्याला लोक उद्याचा कर खुशीने कसा देतील?

गावच्या रस्त्यावर कपड्याची गाठच येते असे नाही. त्यावरून मुलगी मालेगावच्या शाळेत जाते. तिला एस.टी.चा पास मोफत आहे, पण खड्ड्यांमुळे गाडीच आली नाही तर पासाचे काय करायचे? बाळंतीण जाते, सोयाबीनची ट्रॉली जाते, आठवडी बाजाराचा फेरीवाला जातो. हे सगळे कोणत्या ना कोणत्या रूपाने लिटरमागे पैसे भरून चुकले आहेत. व्यापारी मंडळांनी, बाजार समित्यांनी आणि ग्रामपंचायतींनी मिळून जिल्हा परिषदेकडे आणि आपल्या आमदार-खासदारांकडे लेखी मागणी करावी. उधारी वसूल करताना आपण वही उघडून तारीख दाखवतो. येथेही तसेच करा. आकडे घेऊन जा आणि हिशोब मागा.

(लेखक किन्हीराजा, ता. मालेगाव, जि. वाशीम येथे कापड व्यापार करतात.)